खलनायकाला वगळून: ‘हॅलोवीन 3’ आणि भयपटाच्या उत्तरभागाची कोंडी

भयपटाच्या उत्तरभागाला, म्हणजे प्रेक्षक ज्याला सरसकट सिक्वेल म्हणतो त्याला, एक विसंगती जन्मतःच चिकटलेली असते. भीती अनोळखीपणातून उपजते, आणि उत्तरभागाचे तिकीट मात्र ओळखीच्या जोरावर खपते. पहिल्या चित्रपटात अंधारातून कोण येणार हे ठाऊक नसल्यामुळे जीव मुठीत धरून बसलेला प्रेक्षक चौथ्या चित्रपटात त्याच्या येण्याची वाट पाहू लागतो, तो आला की शिट्ट्या मारतो आणि या खेपेस त्याच्या हातून कोण कसे मरते याचा हिशेब ठेवतो. खलनायक जितका लाडका, तितका तो निरुपद्रवी होत जातो. मराठी प्रेक्षकाला हे ताडण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या अमेरिकी भयपटाच्या कल्पनेशी नाते सांगणाऱ्या महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (1993) या चित्रपटातला तात्या विंचू हा खुनी बाहुला घराघरांत लाडका झाला, आणि 2013 साली ‘झपाटलेला 2’ आला तेव्हा पहिल्या भागाचे नायक लक्ष्मीकांत बेर्डे हयात नसतानाही चित्रपट उभा राहू शकला, कारण बाहुला शाबूत होता. नायक बदलला तरी चालतो, खलनायक बदललेला चालत नाही, असा हा निर्माते आणि प्रेक्षक यांच्यातला अलिखित करार आहे.

हा करार मोडण्याचे प्रयत्न तुरळकच झाले, आणि त्यांतले जुने प्रयत्न आज अधिक धीट वाटतात. ‘कॅट पीपल’ (1942) या कमी खर्चात काढलेल्या भयपटाला यश मिळाल्यावर आरकेओ स्टुडिओने निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्याकडे त्याचा पुढचा भाग मागितला आणि ‘द कर्स ऑफ द कॅट पीपल’ हे नावही त्यांच्या माथी मारले. ल्यूटन यांनी त्या नावाखाली एका एकाकी लहान मुलीची आणि तिच्या काल्पनिक सखीची हळवी कथा सांगितली, जिच्यात पहिल्या भागातल्या मांजरबाईचा शाप जवळजवळ नाहीच. रॉबर्ट वाइज यांचे दिग्दर्शक म्हणून पहिले नाव याच चित्रपटावर (1944) लागले. ब्रिटनमधील हॅमर कंपनीने ‘द ब्राइड्स ऑफ ड्रॅक्युला’ (1960) ड्रॅक्युलाशिवायच काढला, मात्र त्याचा पाठलाग करणारा व्हॅन हेल्सिंग कायम ठेवला, म्हणजे शिकार बदलली तरी शिकारी ओळखीचाच राहिला. 1966 मध्ये ख्रिस्तोफर ली यांचा ड्रॅक्युला परत आला, आणि शीर्षकात त्याचे नाव असताना पडद्यावर तो नसण्याची चूक हॅमरने सहसा पुन्हा केली नाही.

या साऱ्या प्रयत्नांत सर्वांत जास्त शिव्या खाल्लेला आणि म्हणूनच सर्वांत जास्त अभ्यसनीय चित्रपट म्हणजे 22 ऑक्टोबर 1982 रोजी प्रदर्शित झालेला ‘हॅलोवीन 3: सीझन ऑफ द विच’. त्याच्या वाट्याला आलेला रोष समजून घ्यायचा तर आधीच्या दोन भागांकडे वळणे भाग आहे. जॉन कार्पेंटर यांनी डेब्रा हिल यांच्यासह लिहिलेला आणि स्वतः दिग्दर्शित केलेला ‘हॅलोवीन’ (1978) सुमारे सव्वातीन लाख डॉलरांत तयार झाला आणि त्याने एकट्या अमेरिकेत 4 कोटी 70 लाखांच्या घरात कमाई केली. एखादा मुखवटाधारी मारेकरी तरुणतरुणींना धारदार शस्त्राने एकेक करून टिपतो, अशा चित्रपटांना स्लॅशर म्हणतात. या प्रकाराचा साचा घट्ट करण्यात ‘हॅलोवीन’चा वाटा मोठा आहे. त्यातील मायकेल मायर्स सहा वर्षांचा असताना बहिणीचा खून करतो आणि पंधरा वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळातून निसटून आपल्या गावी येतो. का, ते चित्रपट सांगत नाही. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या मायकेलचा उल्लेख केवळ ‘आकृती’ असा आहे, आणि ही अनामिकता हेच त्याचे सामर्थ्य होते. ‘हॅलोवीन 2’ (1981) लिहिताना कार्पेंटर आणि हिल यांनीच हे सामर्थ्य उधळून टाकले: पहिल्या भागात योगायोगाने त्याच्या तावडीत सापडलेली लॉरी ही त्याची धाकटी बहीण निघाली, आकृतीला नातेगोते मिळाले, आणि अखेरीस इस्पितळाच्या आगीत ती जळूनही गेली.

मायकेल संपला होता, त्यामुळे तिसऱ्या भागासाठी विचारणा झाली तेव्हा कार्पेंटर आणि हिल यांनी त्याची कथा पुन्हा सांगायची नाही या बोलीवरच निर्मितीत राहण्याचे मान्य केले. यापुढे दर वर्षी हॅलोवीनच्या सणाभोवती गुंफलेली एक नवी, स्वतंत्र गोष्ट सांगावी, असा त्यांचा बेत होता. एकाच नावाच्या छत्राखाली परस्परांशी संबंध नसलेल्या कथा सांगण्याच्या या रचनेला अँथॉलॉजी म्हणतात. पटकथेसाठी नायजेल नील यांना पाचारण केले गेले, आणि ही निवड विलक्षण अचूक होती. बीबीसीच्या ‘क्वाटरमास’ मालिकांचे हे लेखक प्राचीन भय आणि आधुनिक यंत्र यांची गाठ घालण्यात वाकबगार होते. त्यांच्या ‘द स्टोन टेप’ (1972) या दूरचित्रवाणी नाट्यात जुन्या वास्तूचा दगडच भूतकाळ ध्वनिमुद्रित करून ठेवतो. पुढे वितरक डीनो दे लॉरेंटिस यांच्याकडून अधिक रक्तपात आणि हिंसा यांची मागणी आली, तेव्हा नील यांनी आपले नाव काढून घेतले, आणि श्रेय एकट्या दिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांच्या नावावर राहिले. नील यांची बुद्धी मात्र चित्रपटातून निघून गेली नाही.

कथा थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातील सांता मिरा या गावात सिल्व्हर शॅमरॉक नावाची कंपनी मुलांसाठी चेटकीण, कवटी आणि भोपळा असे तीनच प्रकारचे मुखवटे बनवते, आणि त्यांची जाहिरात देशभर दूरचित्रवाणीवर अखंड वाजत असते. मालक कॉनल कॉक्रन (डॅन ओ’हर्लिही) याने स्टोनहेंज या इंग्लंडमधील प्रागैतिहासिक शिलावर्तुळातला एक प्रचंड दगड पळवून आणला असून, त्याच्या कणांपासून बनवलेल्या चकत्या प्रत्येक मुखवट्याच्या मागे बसवल्या आहेत. हॅलोवीनच्या रात्री नऊ वाजता विशिष्ट जाहिरात झळकताच मुखवटा घातलेल्या मुलांची डोकी कुजणार आणि त्यांतून किडे आणि साप बाहेर पडणार. हॅलोवीनच्या मुळाशी असलेला केल्टिक लोकांचा साविन हा सण, म्हणजे सुगी संपून अंधारी थंडी सुरू होतानाचा आणि मृतांची वाट मोकळी होण्याचा काळ, कॉक्रनला मिठाई वाटण्यापुरता उरलेला पाहवत नाही. त्याला जुने बळी हवे आहेत. डॉक्टर चॅलिस (टॉम अ‍ॅटकिन्स) हा दारूत बुडालेला, घटस्फोटित आणि मुलांना वेळ न देणारा बाप त्याच्या मागावर निघतो.

मायकेल मायर्स या चित्रपटात नाही, हे विधान वरवर बरोबर असले तरी पुरते खरे नाही. त्याचा चेहरा म्हणून जगाला ठाऊक असलेला पांढरा मुखवटा घडवला होता तो वॉलेस यांनीच: पहिल्या चित्रपटाचे कलादिग्दर्शन आणि सहसंकलन त्यांच्याकडे होते, आणि ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कच्या, म्हणजे अभिनेते विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा, डॉन पोस्ट यांच्या स्टुडिओने काढलेला स्वस्तातला बाजारी मुखवटा आणून त्यांनी त्याला पांढरा रंग फासला आणि डोळ्यांची भोके मोठी केली. म्हणजे अमेरिकी भयपटातील सर्वांत निर्विकार चेहरा हा दुकानात मिळणारा माल होता. चार वर्षांनी याच कारागिराने दिग्दर्शक म्हणून जो चित्रपट केला, त्यात खलनायक मुखवटा घालत नाही, तो मुखवटे विकतो. त्यातले मुखवटेही डॉन पोस्ट यांच्याकडूनच आले आणि चित्रपटाच्या निमित्ताने खरोखर बाजारातही ठेवले गेले. ‘हॅलोवीन 3’ने मायकेलला टाकून दिले असे म्हणण्यापेक्षा तो मायकेलच्या चेहऱ्याचा माग काढत थेट कारखान्यापर्यंत पोहोचला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

या दृष्टीने पाहिले की चित्रपटातील किरकोळ वाटणारे तपशील बोलू लागतात. सांता मिरा हे नाव ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ (1956) मधील गावाचे आहे, जिथे माणसांच्या जागी हुबेहूब पण भावशून्य प्रती येतात. इथल्या कारखान्यातही कॉक्रनने स्थानिकांना कामावर न घेता बाहेरून माणसे आणली आहेत, करड्या सुटातले त्याचे हस्तक यंत्रमानव आहेत, आणि याबद्दल बोटे मोडणारा एक बेकार दारुडा आपले डोके गमावून बसतो. ‘लंडन ब्रिज’ या बालगीताच्या चालीवर बांधलेली जाहिरात इतक्यांदा वाजते की प्रेक्षकाला तिचा उबग येतो, आणि हा उबग हेच दिग्दर्शकाचे हत्यार आहे. तीत मुलांना आमंत्रण देणारा आवाज वॉलेस यांचा स्वतःचा आहे. सर्वांत बोचरी गोष्ट अशी की, या चित्रपटातल्या जगात 1978चा ‘हॅलोवीन’ हा दूरचित्रवाणीवर दाखवला जाणारा एक चित्रपट आहे. दारूच्या गुत्त्यात त्याची जाहिरात लागते, आणि चॅलिसला खुर्चीला बांधून मुखवटा चढवला जातो तेव्हा समोरच्या पडद्यावर तोच चित्रपट चालू असतो. देशभरच्या मुलांना मुखवटे घालून पडद्यासमोर आणून बसवण्याचे आमिष म्हणून कॉक्रनच्या कामी येतो तो खुद्द मायकेल मायर्स. चित्रपटमालिकेने स्वतःच्या लोकप्रियतेवर केलेली इतकी थेट टीका स्टुडिओच्या व्यवस्थेत क्वचितच आढळते.

डीन कंडी यांचे रुंद चौकटीतले छायाचित्रण आणि कार्पेंटर व अ‍ॅलन हॉवर्थ यांचे थंड, कोरडे सिंथेसायझर संगीत यांनी हा विचार तोलून धरला आहे. चित्रपट निर्दोष नाही. एली या नायिकेला वडिलांच्या खुनाचा शोध घेण्यापेक्षा डॉक्टरच्या मिठीत जाण्याची घाई अधिक आहे. दगड इंग्लंडहून कसा आणला हा प्रश्न कॉक्रन हसण्यावारी नेतो, आणि अमेरिकेत एकाच वेळी नऊ कुठेकुठे वाजतात याचा विचार पटकथेने केलेला दिसत नाही. पण शेवटाला कोणतीही सबब सांगावी लागत नाही: चॅलिस पेट्रोल पंपावरच्या फोनवरून वाहिन्यांना जाहिरात थांबवण्यासाठी विनवतो, दोन वाहिन्यांवर ती थांबते, तिसरीवर चालूच राहते, आणि त्याच्या किंकाळीवर पडदा काळा होतो. स्लॅशरमध्ये शेवटी एक तरुणी वाचते असा जवळजवळ नियम असताना इथे कदाचित एक पिढीच वाचत नाही.

प्रेक्षक चिडले. रॉजर ईबर्ट यांच्यासारख्या समीक्षकांनीही चित्रपट झिडकारला. सुमारे 25 लाख डॉलर खर्च आणि अमेरिकेतील 1 कोटी 44 लाखांची कमाई हे आकडे दिवाळखोरीचे नव्हते, पण दुसऱ्या भागाने अडीच कोटींचा पल्ला ओलांडलेला असल्यामुळे हा आकडा घसरणच मानला गेला. ही घसरण कल्पनेच्या दोषापेक्षा वेळेच्या दोषामुळे झाली. अँथॉलॉजीचा बेत दुसऱ्याच भागात अमलात आला असता तर ‘हॅलोवीन’ हे सणाचे नाव राहिले असते. लागोपाठ दोनदा मायकेल दाखवल्यावर, आणि दुसऱ्या वेळी त्याला कुटुंब बहाल केल्यावर, ते एका माणसाचे नाव होऊन बसले होते. शीर्षकातला 3 हा आकडा मग वचन ठरला, आणि चित्रपटाने ते मोडले. मालिकेचे निर्माते मुस्तफा अक्कड यांनी धडा घेतला तो 1988 मध्ये: चौथ्या भागाच्या नावातच मायकेल मायर्सच्या परतण्याची ग्वाही होती.

इतर मालिकांनी यातून घेतलेला धडा बहुतांशी भित्रा होता. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या पहिल्या भागात (1980) खुनी हा मालिकेचा पुढचा खलनायक जेसन नसून त्याची आई आहे, हे त्याच्या चाहत्यांपैकीही अनेकांना आठवत नाही, चौथ्या भागात जेसनला मारल्यावर पाचव्यात (1985) एका रुग्णवाहिका-सेवकाला जेसनचा हॉकी मुखवटा चढवून खून करायला लावले गेले, आणि प्रेक्षकांच्या नाराजीनंतर 1986 मध्ये विजेच्या धक्क्याने जेसनचे प्रेत उठवण्यात आले. इथे माणूस बदलला पण चेहरा तोच ठेवला, म्हणजे ‘हॅलोवीन 3’ने ज्याची थट्टा केली नेमके तेच गंभीरपणे केले. विल्यम पीटर ब्लॅटी यांचा ‘द एक्झॉर्सिस्ट 3’ (1990) पहिल्या चित्रपटातील मुलीला मागे ठेवून एका मृत खुन्याची संयत, संवादप्रधान कथा सांगत होता. नावात एक्झॉर्सिस्ट आहे तर भूत उतरवण्याचा विधी हवाच, असा निर्मात्यांचा हेका पडल्याने शेवट नव्याने चित्रित करावा लागला. हिंदीत ही अडचण कमी भासली, कारण ‘राझ’ (2002) आणि त्याचे पुढचे भाग सुरुवातीपासूनच नावापुरते एकत्र होते आणि त्यांत कायमचे भूत कुणी नव्हतेच. ‘स्त्री 2’ (2024) ने मधला मार्ग काढला: पहिल्या भागातील भयाला रक्षणकर्तीच्या बाजूला नेऊन सरकटा हा नवा खलनायक उभा केला, आणि प्रेक्षकाला काही गमावल्याचे जाणवू दिले नाही. अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ 2011 पासून दर हंगामात नवी कथा सांगत आहे, आणि कार्पेंटर व हिल यांचा फसलेला बेत तिथे रूढ व्यवहार होऊन बसला आहे.

‘हॅलोवीन 3’चे पुनर्मूल्यांकन झाले ते व्हिडिओ कॅसेट आणि ऑक्टोबरातल्या दूरचित्रवाणी प्रक्षेपणांमुळे; म्हणजे मुलांना पडद्यासमोर बसवून मारणाऱ्या खलनायकाचा चित्रपट त्याच पडद्याने जगवला. डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी 2018 मध्ये मायकेलची कथा नव्याने सुरू केली, तेव्हा पहिला भाग सोडून सगळे उत्तरभाग पुसून टाकले, तरी हॅडनफील्ड या मायकेलच्या गावातल्या रस्त्यांवर मिठाई मागत फिरणाऱ्या मुलांच्या तोंडावर चेटकीण, कवटी आणि भोपळा हे सिल्व्हर शॅमरॉकचे मुखवटे दिसले. त्याच ग्रीन यांनी ‘हॅलोवीन एन्ड्स’ (2022) मध्ये मायकेलला बराच काळ एका गटारात दडवून ठेवले आणि गावाने वाळीत टाकलेल्या कोरी कनिंगहॅम या तरुणाला मध्यभागी आणले. वाईटपणा एका माणसातून दुसऱ्यात कसा झिरपतो हा त्या चित्रपटाचा खरा विषय होता, आणि आरंभीची श्रेयनामावली तिसऱ्या भागाच्या वळणाची ठेवून त्यांनी त्याची कबुलीही दिली. चाहत्यांचा मोठा गट पुन्हा चिडला. या खेपेस मात्र दिग्दर्शकाने खबरदारी म्हणून मायकेलला शेवटी बाहेर काढले, लॉरीशी झुंजवले आणि साऱ्या गावासमोर यंत्रात घालून त्याचा चुरा केला, जी खबरदारी वॉलेस यांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतली नव्हती.