सूत्र सापडले; पण कारण?

एन. सी. ई. आर. टी. ने २०२४ साली इयत्ता सहावीसाठी 'गणित प्रकाश' हे नवे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे पहिलेच प्रकरण गणितातील आकृतिबंधांविषयी आहे. पुस्तक उघडताच मोठमोठ्या संख्यांचे वाचन-लेखन समोर येण्याऐवजी त्रिकोणी, चौरस, घन आणि षट्कोनी संख्या समोर येतात, हे पाहून आम्हांला आनंद झाला. त्याबरोबर थोडी काळजीही वाटली. आनंद पुस्तकाविषयी आहे आणि काळजी बहुतांशी आपल्याविषयी, म्हणजे शिकवणाऱ्यांविषयी आहे. आपल्या शाळेत पुस्तक कोणतेही असो, त्रिकोणी संख्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीत भेटतातच. तेव्हा प्रश्न आपणा सर्वांचाच आहे.

जमेची बाजू

१, १ + ३, १ + ३ + ५ अशा बेरजा करत गेले की १, ४, ९, १६ या वर्गसंख्या मिळतात, हे आपण पूर्वीपासून शिकवत आलो आहोत. हे पुस्तक त्यापुढे जाऊन विचारते, की असे का घडते आणि असे कायम घडत राहील का? उत्तरासाठी ते ठिपक्यांच्या चौरसाकडे बोट दाखवते. तीन बाय तीनच्या चौरसाला दोन बाजूंनी काटकोनी पट्टी जोडली की चार बाय चारचा चौरस होतो. त्या पट्टीत ३ + ३ + १ म्हणजे ७ ठिपके लागतात. पुढच्या पट्टीत ४ + ४ + १ म्हणजे ९. चौरस कितीही मोठा असला तरी पट्टी अशीच जोडावी लागणार आणि तिच्यात पुढचीच विषम संख्या येणार. 'कायम घडेल' असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला या पट्टीने दिला. दहा बेरजा बरोबर आल्या म्हणून तो मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हांला आवडली. पुस्तक अक्षरी सूत्राची घाई करत नाही. सहावीतील मुलाने 'पुढच्या चौरसाला दोन्ही बाजू आणि एक कोपरा लागतो' असे म्हटले, तर त्याने सर्वसाधारण विधानच केले आहे. अक्षरे नंतर येतील.

एक प्रश्न, जो सुटून जाईल

याच प्रकरणाच्या सरावप्रश्नांत एक प्रश्न असा आहे: त्रिकोणी संख्यांना ६ ने गुणून १ मिळवला तर कोणती मालिका मिळते? ते चित्राने समजावता येईल का? आमच्या मते हा प्रकरणातील सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. पण तो एका लांब यादीत इतर प्रश्नांच्या रांगेत बसला आहे. तासाच्या घाईत मुले १, ३, ६ ची सहापट करून १ मिळवतील, ७, १९, ३७ लिहितील, 'षट्कोनी संख्या' असे उत्तर देतील आणि चित्र राहून जाईल.

ते चित्र महाराष्ट्रातल्या मुलांना नवे नाही. ठिपक्यांच्या रांगोळीत '७ ते ४' अशी मांडणी असते. मधल्या ओळीत ७ ठिपके, मग दोन्ही बाजूंना ६, ५ आणि ४. एकूण ठिपके ४ + ५ + ६ + ७ + ६ + ५ + ४, म्हणजे ३७. आता मधला एक ठिपका बाजूला ठेवा. त्याच्याभोवती पहिल्या वेढ्यात ६, दुसऱ्यात १२ आणि तिसऱ्यात १८ ठिपके आहेत. प्रत्येक वेढ्याचे सहा सारखे भाग करा. प्रत्येक भागाला एक कोपरा आणि त्याला लागून असलेली बाजू, पुढचा कोपरा सोडून. मग प्रत्येक भागात १ + २ + ३, म्हणजे ६ ठिपक्यांचा एक त्रिकोण येतो. सहा त्रिकोण आणि मधला एक: ६ × ६ + १ = ३७. रांगोळी ९ ते ५ ची घेतली तरी त्रिकोण सहाच राहतील. फक्त ते मोठे होतील.

येथे नावाविषयी एक तक्रार नोंदवली पाहिजे. जुन्या परंपरेत 'षट्कोनी संख्या' म्हणजे १, ६, १५, २८ ही मालिका होय. त्यात सर्व षट्कोनांचा एक कोपरा सामाईक असतो. १, ७, १९, ३७ यांना 'केंद्रित षट्कोनी संख्या' म्हणतात. संदर्भग्रंथ चाळणाऱ्या जिज्ञासू विद्यार्थ्याचा येथे गोंधळ होईल. शिक्षकांनी तो आधीच दूर करावा.

क्रमाविषयी आक्षेप

आमचा मुख्य आक्षेप प्रकरणाच्या क्रमाविषयी आहे. आधी नुसत्या संख्यांच्या मालिकांचे कोष्टक आहे: नियम ओळखा, पुढच्या तीन संख्या लिहा. चित्रांचे कोष्टक त्यानंतर येते. मालिकांना नावे दिलेली असल्यामुळे पुस्तकातील उत्तरे ठरलेली आहेत हे खरे. पण मुलाच्या मनावर पहिला संस्कार होतो तो असा, की काही संख्या पाहिल्या की पुढची संख्या ठरते. वस्तुतः तशी ती ठरत नाही.

एका वर्तुळावर बिंदू घेऊन प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडा. आत कोठेही तीन रेषा एका ठिकाणी छेदणार नाहीत याची काळजी घ्या. वर्तुळाचे किती भाग होतात? एका बिंदूला १, दोन बिंदूंना २, मग ४, ८ आणि १६. सहा बिंदूंना किती? वर्गात सगळे एकमुखाने ३२ म्हणतात. मोजल्यावर भरतात ३१. कारण पाहा. एकेक रेषा काढत जा. प्रत्येक नवी रेषा एक भाग वाढवते आणि आधीच्या रेषांना ती जितक्या ठिकाणी छेदते तितके आणखी भाग वाढवते. म्हणून एकूण भाग = १ + रेषा + छेदनबिंदू. वर्तुळावरच्या कोणत्याही चार बिंदूंमुळे आत एकच छेदनबिंदू होतो. सहा बिंदूंना १५ रेषा आणि १५ छेदनबिंदू, म्हणून १ + १५ + १५ = ३१. येथे दुपटीचा नियम मोडला असे म्हणणे चूक आहे. दुपटीचा नियम तेथे कधी नव्हताच. पाच वेळा तसा भास झाला, इतकेच.

चांदणीची गोष्ट

त्रिकोणाकडून चांदणीकडे जाणे ही स्वाभाविक पुढची पायरी आहे. सहा टोकांच्या चांदणीत ठिपके बसवले तर १, १३, ३७, ७३ अशा संख्या येतात. एका शिक्षक-शिबिरात आम्ही या चार संख्या आकृत्यांसह दिल्या आणि सर्वसाधारण सूत्र विचारले. बहुतेकांनी फरकांचे कोष्टक मांडले: १२, २४, ३६, फरकांचे फरक १२, १२. त्यावरून सूत्र वर्गाचे असणार हे ओळखून क व्या आकृतीसाठी ६क(क − १) + १ हे सूत्र त्यांनी पाच मिनिटांत काढले. कोणी क = ४ घालून ७३ येतात हे दाखवले आणि खाली 'पडताळा' असे लिहिले.

आम्ही एक दुसरे सूत्र फळ्यावर लिहिले: ६क(क − १) + १ + (क − १)(क − २)(क − ३)(क − ४). हेही १, १३, ३७, ७३ देते, कारण पहिल्या चारही वेळी शेवटचा गुणाकार शून्य होतो. पण पाचव्या आकृतीसाठी पहिले सूत्र १२१ देते आणि दुसरे १४५. कोणते खरे? कोष्टकाकडे याचे उत्तर नाही. ज्या संख्यांवरून सूत्र काढले त्यांनीच त्याचा पडताळा घेणे म्हणजे आरोपीलाच साक्षीदार करण्यासारखे आहे. आणि पाचवी आकृती मोजून पाहिली तरी सहावीचा प्रश्न उरतोच.

प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हीही अशा उत्तरांना पूर्वी पूर्ण गुण दिले आहेत. प्रयोगशाळेत मोजमापांतून वक्र बसवणे हे आमचे नेहमीचे काम आहे. तेथे वक्र बसला म्हणून कारण कळले, असे कोणी मानत नाही. कारणाचा शोध त्यानंतर सुरू होतो. गणिताच्या तासाला मात्र वक्र बसला की आपण तास संपवतो.

चांदणीचे कारण चायनीज चेकर्सच्या पटावर आयते मांडलेले आहे. त्या पटाला सहा टोके असतात, प्रत्येक टोकात १० घरे आणि मध्ये षट्कोन. षट्कोनाच्या प्रत्येक बाजूवर ५ घरे. म्हणजे वरच्याप्रमाणे सहा त्रिकोण, प्रत्येकी १०, आणि मधले एक: ६१. टोकेही १० चे सहा त्रिकोणच. एकूण बारा त्रिकोण आणि एक घर, १२ × १० + १ = १२१. ही आपली पाचवी आकृती. क व्या आकृतीत प्रत्येक त्रिकोणात क − १ ओळी असतात. असे दोन त्रिकोण उलटसुलट जोडले की (क − १) × क चा आयत होतो. बारा त्रिकोणांचे सहा आयत आणि मधले एक घर, म्हणून ६क(क − १) + १. सूत्र तेच आहे. पण आता त्यातला ६ कोठून आला, क(क − १) कोठून आला आणि तो एकटा १ कोणता, हे बोट ठेवून दाखवता येते. १४५ चा प्रश्नही आपोआप मिटतो.

एखादी मुलगी वेगळेच पाहील. तिला चांदणी म्हणजे एकमेकांवर ठेवलेले दोन मोठे त्रिकोण दिसतील. पटावर अशा त्रिकोणाच्या तेरा ओळी आहेत, म्हणजे ९१ घरे. दोन्हींची मिळून १८२. मधला षट्कोन दोनदा मोजला गेला म्हणून ६१ वजा केले, की १२१. तिचे सूत्र कागदावर निराळे दिसेल. ते सरळरूप देऊन पहिल्याशी जुळते का, हे तिलाच पाहू द्यावे. अक्षरगणित कशासाठी शिकायचे, याचे याहून चांगले उत्तर आम्हांला माहीत नाही.

सूत्राची हद्दही आकृतीच सांगते. टोकांची संख्या प असेल तर त्याच विचाराने १ + प × क(क − १) मिळते. पाच टोकांसाठी १, ११, ३१, ६१. येथे मोजणी बरोबर आहे, पण ठिपके सारख्या अंतरावर राहत नाहीत, कारण एका बिंदूभोवती समभुज त्रिकोण बरोबर सहाच बसतात. प = २ घातले तर सूत्र मुकाट्याने १, ५, १३, २५ देईल; मात्र दोन टोकांची चांदणी नसते. ते सूत्राला ठाऊक नसते, आपल्याला असावे लागते.

उपपत्तीची सवय

ही अपेक्षा परकी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीया'त त्रिकोणी संख्यांच्या बेरजेचा, म्हणजे चितीघनाचा नियम दिला: क(क + १)(क + २) ला ६ ने भागा. नियम सूत्ररूप, पाठ करण्याजोगा. त्यावर सोळाव्या शतकाच्या प्रारंभी केरळमधील नीलकंठ सोमयाजी यांनी भाष्य लिहिले, तेव्हा श्रेढींचे नियम क्षेत्रांची मांडणी करून उपपत्तीसह समजावले. नियम हजार वर्षे बरोबरच होता. तरी भाष्यकाराला कारण सांगणे आवश्यक वाटले.

शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की अशा प्रश्नाच्या पाच गुणांपैकी सूत्राला दोनच द्यावेत आणि 'हे पुढेही का चालेल?' या उत्तराला तीन. उत्तर शब्दांत असो, रंगीत खडूने काढलेल्या चित्रात असो, की चिंचोक्यांच्या मांडणीत. फरकांचे कोष्टक वर्ज्य करू नये. ते चांगला अंदाज देते. पण वहीत त्याच्याखाली 'अंदाज' असाच शब्द लिहायला लावावा. 'गणित प्रकाश'च्या लेखकांनी 'का?' हा प्रश्न छापला आहे. तो वर्गात विचारला जाणे, आणि उत्तरासाठी तास खर्ची पडला तरी चालेल असे आपल्याला वाटणे, हे काम मात्र कोणतेही पुस्तक आपल्यासाठी करू शकणार नाही.