सभाभय आणि श्रोत्यांचे सान्निध्य : 'दासबोध' व आभासी वास्तव

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जालना जिल्ह्यातील जांब (ता. घनसावंगी) येथे झाला. त्यांच्या 'दासबोधा'चा आरंभच श्रोत्यांच्या पृच्छेने होतो. पहिल्या दशकात 'श्रोतेस्तवन' व 'सभास्तवन' असे स्वतंत्र समास आहेत. श्रोता हा केवळ पाहणारा नसून विचारणारा आहे, ही भूमिका या रचनेमागे दिसते.

आधुनिक मानसशास्त्राने सभाभयाचा शोध आभासी वास्तवाच्या साहाय्याने घेतला. पर्टॉब, स्लेटर व बार्कर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात व्यक्तींना संगणकनिर्मित श्रोत्यांपुढे भाषण करावयास लावले. श्रोते खरे नाहीत हे ठाऊक असूनही, प्रतिकूल श्रोत्यांपुढे एरवी आत्मविश्वासाने बोलणाऱ्यांनाही चिंता जाणवली. सान्निध्याची जाणीव केवळ बुद्धीच्या निर्वाळ्यावर अवलंबून नसते, असे यावरून म्हणता येते.

तथापि या प्रयोगाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. तेथील श्रोत्यांची अनुकूलता वा प्रतिकूलता आधीच ठरलेली होती. भाषणातील विचाराने ती बदलणारी नव्हती. 'दासबोधा'तील श्रोतेही शब्दांतच वावरतात. परंतु ते आशंका घेतात आणि वक्त्याला आपले विवेचन अधिक स्पष्ट करावे लागते. म्हणून वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत हे तंत्र विद्यार्थ्याची भीती कमी करण्यास उपयोगी पडले, तरी निर्भय वक्ता हा विचारशील वक्ता असतोच असे नाही. शंकेचे निरसन करण्याचे सामर्थ्य शंका घेणाऱ्या श्रोत्यापुढेच घडते.