सहा विषाणूंचे कुळ आणि पनवेलचा नाका

पनवेलच्या एका शाळेतील विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. मध्यभागी पनवेलचा नाका, त्यावर लाल रंगाचा ट्रक आणि तिथून निघणारे तीन बाण : एक मुंबईकडे, एक घाट चढून पुण्याकडे, एक गोव्याकडे. वर ठळक अक्षरांत शीर्षक होते, ‘महामार्गाचा विषाणू’. खाली बारीक अक्षरांत लिहिले होते, की शास्त्रज्ञांनी पुण्यात एचआयव्हीचा ‘सी’ प्रकार व एक नवा संकरित प्रकार शोधून काढला आहे. तक्ता नेटका होता आणि मुलांनी मेहनतही घेतली होती. आम्ही निघालो तेव्हा नववीतला एक मुलगा फाटकापर्यंत मागे आला. त्याचे वडील कळंबोलीहून ट्रेलर चालवतात. त्याने विचारले, ‘‘सर, हायवेवरचा एचआयव्ही वेगळा असतो का?’’

‘‘नाही,’’ असे सांगून आम्ही निघून आलो. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. त्या तक्त्याच्या मागे एक खरा आणि चांगला शोधनिबंध आहे. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे त्या मुलाला आणि तक्ता तपासणाऱ्या शिक्षकांनाही कळायला हवे. म्हणून त्या निबंधाचे हे परीक्षण.

निबंध कोणता?

जानेवारी १९९९ मध्ये ‘जर्नल ऑफ व्हायरॉलॉजी’ या नियतकालिकात कविता लोले व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली सुरू झालेली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था (‘नारी’) आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांच्या सहकार्यातून हे काम झाले. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत येणाऱ्यांची ठराविक काळाने रक्ततपासणी होत असे. आधी संसर्ग नसलेल्या आणि पुढच्या तपासणीत तो आढळलेल्या सहा व्यक्तींचे विषाणू संशोधकांनी घेतले, प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांची जवळजवळ संपूर्ण जनुकीय संहिता वाचली. तोवर बहुतेक अभ्यास एखाद-दुसऱ्या जनुकाच्या तुकड्यावर भागवीत. ‘सी’ प्रकाराच्या पूर्ण संहिता जगातही फार थोड्या होत्या.

निष्कर्ष असा : सहांपैकी पाच विषाणू ‘सी’ उपप्रकाराचे आणि एक ‘ए’ व ‘सी’ यांच्या तुकड्यांनी बनलेला, गोधडीसारखा.

पाठभेदांवरून कुळ

उपप्रकार म्हणजे काय, हे समजायला मराठी वाचकाला फार लांब जावे लागत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण नकलेगणिक तिच्यात पाठभेद शिरले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तीही शेकडो हस्तलिखिते ताडून पाहून. अशा कामातले मूळ तत्त्व सोपे आहे. दोन प्रतींत तीच विशिष्ट चूक एकाच जागी आढळली, तर बहुधा त्या दोन्ही एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या आहेत. सामाईक चुकांवरून प्रतींचा वंशवृक्ष मांडता येतो.

एचआयव्हीची संहिता सुमारे ९,७०० अक्षरांची आहे. तिची नक्कल करणारे विकर चुका करते आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या शरीरात दररोज हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे पाठभेदांना तोटा नसतो. मध्य आफ्रिकेत, आजच्या किन्शासाच्या परिसरात, १९२०च्या सुमारास पसरू लागलेल्या एका घराण्याच्या अशा शाखा झाल्या. त्यांनाच ए, बी, सी, डी अशी नावे आहेत. अमेरिका व पश्चिम युरोपात ‘बी’ पसरला. दक्षिण आफ्रिका व भारत येथे ‘सी’ पसरला. जगातील एकूण संसर्गांपैकी जवळपास निम्मे ‘सी’चे आहेत.

आता तो सहावा विषाणू. एखाद्या नकलनविसापुढे दोन वेगळ्या प्रती उघड्या असाव्यात आणि त्याने पाच ओव्या एकीतून, पुढच्या तीन दुसरीतून उतरवाव्यात, तसे इथे घडते. एचआयव्हीच्या प्रत्येक कणात संहितेच्या दोन प्रती असतात. एकाच पेशीत दोन भिन्न विषाणू शिरले तर पुढच्या कणांत दोहोंची एकेक प्रत येऊ शकते आणि नक्कल होताना विकर एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारते. पुण्याच्या विषाणूत असे सांधे आवरणाच्या जनुकात, नेफ जनुकात आणि संहितेच्या शेवटच्या टोकात सापडले.

निबंधाचे श्रेय

निबंधाचे पहिले श्रेय म्हणजे संपूर्ण संहिता वाचण्याचा आग्रह. हे सांधे संहितेच्या एका टोकाकडे होते. दुसऱ्या टोकाचा तुकडा वाचून कोणी थांबले असते तर हा विषाणूही शुद्ध ‘सी’ म्हणून नोंदला गेला असता.

दुसरे श्रेय साधनाचे. संहितेवरून एक खिडकी पुढे पुढे सरकवत नेऊन प्रत्येक ठिकाणी ती कोणत्या उपप्रकाराशी किती जुळते याचा आलेख काढणारा ‘सिमप्लॉट’ हा संगणकीय कार्यक्रम या निबंधाबरोबर लोकांपुढे आला. तो स्टुअर्ट रे यांनी लिहिला. करोना विषाणूच्या अभ्यासातही तो वापरला गेला. पुण्याच्या सहा नमुन्यांच्या निमित्ताने पुढे आलेले साधन जगभर रुळले, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

तिसरे श्रेय लशीच्या प्रश्नाचे. आपल्या मारक टी-पेशी विषाणूच्या प्रथिनांतले ठराविक तुकडे ओळखतात. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या ‘बी’ प्रकाराच्या विषाणूत माहीत असलेल्या अशा तुकड्यांपैकी केवळ ३८ टक्के पुण्याच्या विषाणूंत जसेच्या तसे सापडले. गुणधर्म पालटणारे बदल आवरणाच्या प्रथिनात सर्वांत अधिक होते : ६१ टक्के, तर गॅगमध्ये २४ आणि पोलमध्ये १८. म्हणजे ‘बी’ पाहून बेतलेली लस इथे चालेलच असे गृहीत धरता येत नव्हते. भारतातील पहिली एचआयव्ही लस-चाचणी २००५ साली पुण्यातच सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी ‘सी’ प्रकाराचीच जनुके निवडली होती. ती लस पुरेशी प्रभावी ठरली नाही आणि आजही एचआयव्हीवर यशस्वी लस नाही. पण प्रश्न योग्य होता.

निबंधाच्या मर्यादा

पहिली मर्यादा संख्येची. सहांत एक संकरित सापडला, म्हणून ‘पुण्यात सतरा टक्के विषाणू संकरित’ असे म्हणता येईल का? सांख्यिकीचा हिशेब केला, तर सहांत एक या निरीक्षणाशी खरे प्रमाण अर्ध्या टक्क्यापासून चौसष्ट टक्क्यांपर्यंत काहीही असले तरी विसंगत ठरत नाही. इतक्या रुंद पट्ट्याला ‘प्रमाण’ हा शब्द वापरूच नये. ‘असा विषाणू इथे आहे’ एवढेच सहा नमुने सांगतात. ‘किती आहे’ हे ते सांगू शकत नाहीत. पुढच्या अभ्यासांत देशाच्या बहुतेक भागांत ‘सी’चे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आढळत राहिले.

दुसरी मर्यादा प्रयोगशाळेची. विषाणू आधी पेशींत वाढवून मग वाचले. जो विषाणू बशीत चांगला वाढतो तोच पुढे येतो. रुग्णाच्या रक्तातील सगळ्या थव्याचा तो प्रतिनिधी असेलच असे नाही.

तिसरी मर्यादा आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. नमुने चिकित्सालयांतून आले. जिथे पाहिले तिथे सापडले. १९८६ साली मद्रासमध्ये सुनीती सॉलोमन व त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी भारतातील पहिले संसर्ग शोधले, तेही वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली डांबलेल्या स्त्रियांमध्ये, कारण रक्त त्यांचेच तपासले होते. पुढे कित्येक वर्षे लोकांनी ‘हा त्यांचा रोग’ असे मानले. १९९७ मध्ये पुण्याच्याच चिकित्सालयांतील दुसऱ्या एका अभ्यासाने वेगळे चित्र दाखवले. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना संसर्ग होता. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि पतीखेरीज कोणाशीही त्यांचा संबंध नव्हता. या ‘जोखमीच्या गटा’चे नाव कोणत्याच तक्त्यावर नव्हते.

लोले यांच्या निबंधाच्या प्रारंभी एक वाक्य आहे, की एचआयव्हीचा जगातील सर्वाधिक भार भारतावर आहे. त्या काळी ते सर्रास म्हटले जाई. २००६ मध्ये तर ५७ लाखांचा अंदाज होता. पण तो मुख्यतः सरकारी रुग्णालयांतील तपासण्यांवर बेतलेला होता. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले, तेव्हा प्रमाण ०.२८ टक्के निघाले आणि २००७ मध्ये अंदाज सुमारे २५ लाखांवर आणावा लागला. रोग अचानक निम्म्यावर आला नव्हता. मोजणीची जागा बदलली होती.

तक्त्यातले बाण

आता पनवेलकडे वळू. इथे मुंबई-पुणे मार्ग आहे, गोव्याचा मार्ग इथून सुटतो, कळंबोलीला लोखंडबाजार आहे आणि १९८९ पासून न्हावाशेव्याचे बंदर. ट्रक अर्थातच भरपूर. घरापासून दूर राहणाऱ्या लोकांमध्ये संसर्गाची जोखीम वाढते, हेही खरे आहे आणि चालकांसाठी प्रतिबंधक कार्यक्रम राबवले गेले ते योग्यच होते. पण तक्त्यातला बाण याहून अधिक काही म्हणतो. विषाणू अमक्यांनी, अमक्या दिशेने, अमक्या नाक्यावरून नेला, असे तो म्हणतो. पुण्याचे सहा विषाणू याला साक्ष देत नाहीत. ते सहाही एका शहरातून आलेले आहेत. वाटेवरच्या कोणत्याही गावाविषयी ते बोलूच शकत नाहीत.

संकरित विषाणूही कोणाकडे बोट दाखवत नाही. कुठे तरी, केव्हा तरी, एका शरीरात ‘ए’ व ‘सी’ एकत्र आले, एवढेच तो सांगतो. ज्याच्या रक्तात तो सापडला त्याच्याच शरीरात ते घडले असेल असे नाही. तो तयार होऊनच त्याच्यापर्यंत आलेला असू शकतो. शिवाय दोन माणसांचे विषाणू वंशवृक्षात शेजारी आले, तरी एकाने दुसऱ्याला दिला असे ठरत नाही. मधली तिसरी व्यक्ती तपासलीच गेली नसेल. वंशवृक्ष विषाणूंचे नाते सांगतो, माणसांचा दोष नाही.

मग प्रादेशिक फरक कधीच वाचता येत नाही का? येतो. मणिपूरचे उदाहरण घ्या. तिथे सुयांमधून अमली पदार्थ घेणाऱ्यांत ‘सी’बरोबर थायलंडकडे आढळणारा ‘बी’ आणि दोहोंचे संकर सापडले. म्यानमारच्या सीमेपलीकडचे नमुनेही उपलब्ध होते, अनेक वर्षांचे होते, म्हणून त्या प्रदेशाचा इतिहास मांडता आला. उरलेल्या भारतातले बहुतेक ‘सी’ विषाणू वंशवृक्षात एकाच झुबक्यात येतात. आफ्रिकेतून मोजक्याच वेळा झालेल्या प्रवेशाची ती खूण आहे आणि त्या झुबक्याचे मूळ १९७०च्या मागेपुढे जाते. म्हणजे पहिला रुग्ण सापडण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे तो इथे निमूटपणे पसरत होता. कोणत्या एका व्यवसायाच्या माथी हे मारायचे?

वर्गात काय करावे?

दहा ओळींचा एक उतारा मुलांना एकमेकांच्या प्रतीवरून उतरवायला द्यावा. वेळ मुद्दाम कमी ठेवावा. दोघा-तिघांना दोन प्रती देऊन निम्मा-निम्मा उतारा घ्यायला सांगावे. शेवटी फक्त सहा कागद गोळा करून वंशवृक्ष काढायला लावावा. मुले वृक्ष काढतात. मग बाकीचे कागद बाहेर काढावेत. किती फांद्या निसटल्या आणि ‘याने त्याच्यावरून उतरवले’ हे अनुमान किती वेळा फसले, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. हा अर्धा तास तक्त्यापेक्षा अधिक शिकवून जाईल.

जोडीला एवढे जरूर सांगावे : उपप्रकार कोणताही असो, संसर्गाचे मार्ग तेच आहेत. भारतात एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळतात आणि ती ‘सी’वरही चालतात. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करण्यास २०१७च्या कायद्याने मनाई आहे.

आम्ही त्या शाळेला पत्र लिहून विनंती केली आहे, की तक्ता फाडू नये, दुरुस्त करावा. ट्रक आणि बाण पुसून तिथे सहा बिंदू काढावेत, त्यांखाली ‘पुणे’ असे लिहावे आणि पनवेलच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवावे. त्या मुलाला आता पूर्ण उत्तर देता येते. हायवेवरचा म्हणून वेगळा एचआयव्ही कोणी दाखवलेला नाही, आणि पुण्याच्या निबंधात तुझ्या वडिलांच्या धंद्याविरुद्ध एक अक्षरही पुरावा नाही.