विश्वास, नियंत्रण आणि गाडगेबाबा

नेतृत्व आणि संवाद या विषयावर पीएच.डी.साठी सिनॉप्सिस लिहायला बसलात, की एक संदर्भ हमखास समोर येतो: मेयर, डेव्हिस आणि शूरमन यांचा 1995 मधला निबंध. संस्थेतल्या विश्वासावर लिहिणारा जवळपास प्रत्येक जण त्याचा आधार घेतो. तुम्हीही घ्या. पण आधी नीट वाचा, आणि मग त्याच्याशी थोडं भांडा.

निबंधाचं म्हणणं असं. समोरच्यावर लक्ष ठेवता येवो न येवो, त्याच्या वागण्यामुळे आपलं नुकसान होऊ शकतं हे ठाऊक असून जोखीम पत्करायची तयारी म्हणजे विश्वास. ही तयारी समोरच्याच्या तीन गुणांवर ठरते: कुवत, आपल्याविषयीची कळकळ आणि तत्त्वनिष्ठा. मांडणीचं मोठं बळ हे, की विश्वास आणि विश्वासाची कारणं ती वेगळी ठेवते. प्राचार्य हुशार आहेत असं वाटणं निराळं, आणि त्यांच्यासमोर विभागातली अडचण उघड मांडायची तयारी निराळी. आपल्या बऱ्याच प्रश्नावल्यांत या दोन्हींची खिचडी होते.

माझा आक्षेप नियंत्रणाबद्दलच्या भागावर आहे. निबंध म्हणतो, नियंत्रण कडक असेल तर विश्वास वाढायला अडथळा येऊ शकतो. माणूस नीट वागला तरी लोकांना वाटतं, धाकानं वागला. तर्क बरोबर आहे. पण तो लागू पडतो बाहेरून लादलेल्या नियंत्रणाला. नेत्यानं स्वतःहून स्वतःवर बंधन घालून घेतलं, तर?

त्यासाठी फार लांब जायला नको. अमरावती आणि अकोल्यातल्या अनेकांच्या पदवीवर ज्यांचं नाव छापलेलं असतं, त्या गाडगेबाबांकडे एक 'केस' म्हणून बघा. जन्म 1876, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. मामाची जमीन सावकारी कर्जात गेली. न तपासता टाकलेल्या विश्वासाची किंमत या माणसानं घरातच पाहिली होती.

पुढे ते गावात शिरायचे ते खराटा घेऊन. दिवसा झाडलोट, रात्री कीर्तन. कीर्तनही एकतर्फी नाही; साध्या वऱ्हाडीत प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडून वदवून घ्यायचे. लोकांनी पैसा दिला. ऋणमोचनचा घाट, नाशिक-पंढरपूरच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः मात्र त्यात मुक्काम ठोकला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. 1952 मध्ये मिशन स्थापन झालं.

1995 चं मॉडेल याला 'तत्त्वनिष्ठा' म्हणेल आणि पुढे जाईल. मला ते पुरेसं वाटत नाही. तत्त्वनिष्ठा हा मनातला गुण. तो लोकांना दिसत नाही. दिसतं ते झाडलेलं गाव आणि दुसऱ्याच्या हवाली केलेली इमारत. बोलण्याआधी केलेलं काम आणि सोडून दिलेला हक्क, हाच इथं संवाद आहे. अक्षरओळख नसलेल्या माणसाच्या शब्दातला आत्मविश्वास तिथून येतो, भाषणकलेतून नाही.

म्हणून प्रश्नावलीत एक चल वाढवून पाहा: नेत्यानं स्वतःहून दिलेली तपासणीची मुभा. 'तुमचे संस्थाप्रमुख प्रामाणिक आहेत का?' याऐवजी विचारा: हिशेब न मागता दाखवला जातो का? निर्णयाची कारणं लेखी मिळतात का? सभेत उलट प्रश्न विचारणाऱ्याचं पुढे काय होतं? आणि हो, भरलेले फॉर्म कार्यालयातल्या शिपायामार्फत गोळा करू नका. साहेबांबद्दलचं उत्तर साहेबांच्या टेबलावरून जाणार असेल, तर तुम्ही विश्वास मोजत नाही, भीती मोजता. आकडे मात्र छान येतील.

दोन सावधगिरी. बाबांची बहुतेक चरित्रं भक्तिभावानं लिहिलेली आहेत. त्यातला प्रसंग आणि पुरावा वेगळा करा. आणि एका केसनं मॉडेल खोटं पडत नाही. त्यातली रिकामी जागा तेवढी दिसते. संशोधनाचा प्रश्न बहुतेक वेळा तिथंच सापडतो.