मण, मोहर आणि मने

लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातील दृष्टांतात धनी आपल्या दहा दासांना जी रक्कम देतो, तिला आपल्या प्रचलित मराठी शास्त्रात ‘मोहरा’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘म्ना’ असा आहे. हे भाषांतर कितपत समर्पक आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

‘म्ना’ हा शब्द ग्रीकांचा स्वतःचा नव्हे. बाबेलच्या बाजारात ‘मनू’ नावाचे वजन होते. ते साठ शेकेलांचे, म्हणजे सुमारे अर्ध्या किलोचे असे. तोच शब्द इब्रीत ‘माने’ झाला. यहेज्केल 45:12 मध्ये त्याचे प्रमाण साठ शेकेल असेच सांगितले आहे. ग्रीकांनी त्याचे शंभर द्राख्मे केले, तर रोमी लोकांनी त्याला ‘मिना’ म्हटले. अरबीतील ‘मन्न’, फारसीतील ‘मन’ आणि आपला ‘मण’ ही याच कुळातील भावंडे होत. पोर्तुगीजांनी आपल्याकडील हा शब्द उचलला आणि त्यांच्याकडून तो इंग्रजीत ‘माँड’ होऊन गेला.

मात्र शब्द टिकला तरी वजन टिकले नाही. 1833 साली बंगालमध्ये ठरविलेला मण 37 किलोंहून अधिक होता. मुंबईचा मण 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतला. दशमान पद्धतीने मण बाजारातून उठविला. तरी ‘मणभर ओझे’ आपल्या बोलण्यात आहेच. म्हणून भाषांतरकारांनी ‘म्ना’साठी ‘मण’ घेतला नाही, हे योग्यच झाले. शब्दाचे नाते खरे असले, तरी त्यामुळे अर्थ खोटा ठरला असता.

परंतु ‘मोहर’ म्हणताच श्रोत्याच्या डोळ्यांपुढे सोने चमकते. म्ना ही बहुधा चांदीत मोजावयाची रक्कम होती. मत्तय 20:2 मध्ये दिवसाची मजुरी एक दिनार आहे आणि द्राख्मा साधारण त्याच मोलाचा. म्हणजे म्ना ही शंभर दिवसांची मजुरी झाली. मजुराच्या घरी ती थोडी नव्हे. पण राज्य मिळवावयास निघालेल्या धन्याच्या हिशेबी ती क्षुल्लकच. मत्तय 25 मधील एका तालांताच्या साठाव्या हिश्शाएवढी ती आहे. सतराव्या वचनात धनी स्वतः तिला अत्यल्प म्हणतो आणि तिच्या मोबदल्यात दहा नगरांचा अधिकार देतो. दृष्टांताचे सारे बळ या तफावतीत आहे. ‘मोहर’ शब्दाने ती झाकली जाते.

दुसरी हानी अधिक खोल आहे. दानीएलाच्या 5व्या अध्यायात बेलशस्सराच्या भिंतीवर उमटलेले ‘मने’ आणि ‘तकेल’ हे शब्द मुळात माने व शेकेल या वजनांची नावे असावीत, असे क्लेर्मों-गानो या फ्रेंच पंडिताने 1886 साली दाखविले. दानीएल त्यांतून मोजणे आणि तोलणे हे अर्थ काढतो. राजाच्या न्यायाचा शब्द आणि दासाच्या हाती आलेल्या ठेवीचा शब्द एकच आहे. ज्याने मोजून दिले, तो मोजून घेणार, हे मराठी वाचकाला ‘मोहरा’ वाचून कळत नाही.

मंडळीच्या कानी रुळलेला शब्द एकाएकी बदलावा, असे आमचे म्हणणे नाही. समासात ‘मिना, सुमारे शंभर दिवसांची मजुरी’ एवढी टीप मात्र अवश्य असावी. ती होईपर्यंत हे काम पाळकांनी व धर्मशिक्षकांनी व्यासपीठावरून करावे. ज्या श्रोत्याने जन्मात मोहर पाहिली नाही, त्याला हा दृष्टांत धनवंतांचा वाटतो. शंभर दिवसांची मजुरी म्हटली, की तो आपला हात उघडून पाहील.