लिटर मोजून काय कळतं? छोट्या कॉम्प्युटर केसबद्दल

या ब्लॉगवर आपण नेहमी उष्णता आणि हवेच्या प्रवाहाबद्दल बोलतो, कारण माझ्या पीएच.डी.चा विषय त्याच गल्लीतला आहे. आज एका वस्तूची समीक्षा करायची आहे, आणि ती वस्तू म्हणजे पत्र्याचा एक डबा. हौशी लोकांसाठी बनवलेल्या, हव्या तशा बदलता येणाऱ्या छोट्या कॉम्प्युटर केस. या केसची चर्चा कुठेही वाचा, पहिला आकडा लिटरचा असतो. सात लिटर, दहा लिटर, साडेबारा लिटर. जितके लिटर कमी तितका डिझायनर हुशार, असा एक अलिखित नियमच होऊन बसलाय. माझं म्हणणं असं, की हा आकडा दिसायला चांगला असला तरी केसची परीक्षा करायला निरुपयोगी आहे, आणि त्यामुळे चांगल्या डिझाइनवर अन्याय होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंटेलने १९९५ मध्ये एटीएक्स हे माप आणलं, त्यात पूर्ण आकाराचा मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी. पुढे २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स आणलं: १७० × १७० मिमी. हे मूळचं कमी वीज खाणाऱ्या छोट्या यंत्रांसाठी होतं. पण हौशी मंडळींनी त्यात पूर्ण ताकदीचे प्रोसेसर आणि मोठी ग्राफिक्स कार्डं बसवायला सुरुवात केली. मदरबोर्ड लहान झाला, एसएफएक्स प्रकारचा पॉवर सप्लाय लहान झाला, पण त्या मापाच्या केस मात्र बाजारात फारशा नव्हत्या. म्हणून लोकांनी स्वतःच त्या आखल्या. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून आलेली एनकेस एम१ ही त्यातली सर्वांत गाजलेली. हौशी लोकांच्या चर्चेतून आखलेली, आणि तैवानच्या लियान लीने बनवलेली. मापं २४० × १६० × ३२८ मिमी, म्हणजे सुमारे १२.६ लिटर. नंतर जर्मनीच्या डॅनियल हॅन्सन यांची डॅन ए४-एसएफएक्स आली, सुमारे ७.२ लिटरची. तीही लोकवर्गणीतून, तीही लियान लीच्याच कारखान्यातून. इथून लिटरची शर्यत जोरात सुरू झाली.

आता गणिताकडे येऊ. घाबरू नका, दहावीचं आहे. समजा तुमचा कॉम्प्युटर गेम खेळताना ५०० वॅट वीज खातो. ती सगळी शेवटी उष्णता होते. ही उष्णता बाहेर नेणाऱ्या हवेचं तापमान १० अंशांनी वाढलेलं चालेल असं धरू. एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ किलो, आणि एक किलो हवा एक अंशाने तापवायला साधारण १००० जूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं: सेकंदाला सुमारे ४२ लिटर हवा. म्हणजे दहा लिटरच्या केसमधली हवा दर सेकंदाला चार वेळा बदलली पाहिजे.

या हिशोबात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? केसचं आकारमान त्यात कुठेच नाही. ५० लिटरचा मोठा टॉवर असला तरी त्यालाही तेवढीच ४२ लिटर हवा लागते. स्थिरावलेलं तापमान डबा केवढा आहे त्यावर ठरत नाही, डब्यातून किती हवा जाते त्यावर ठरतं.

मग लहान केस गरम का होतात? कारण जागा कमी म्हणजे पंखे लहान आणि वाटा अरुंद. जाळीचं मोकळं क्षेत्रफळ निम्मं केलं आणि प्रवाह तेवढाच ठेवला, तर हवेचा वेग दुप्पट होतो आणि दाबाची घट साधारण चौपट. त्या चौपटीवर मात करायला पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि तो आवाज करतो. एकूण काय, तर केसबद्दल विचारायचा खरा प्रश्न हा आहे: हवा कुठून आत येते, कशाला लागून जाते, कुठून बाहेर पडते, आणि ती वाट किती मोकळी आहे?

दुसरा एक समज इथेच निकाली काढू. ‘ॲल्युमिनियमची केस स्वतःच हीटसिंकचं काम करते’ असं खूप ठिकाणी वाचायला मिळतं. दहा लिटरच्या घनाकृती डब्याचं पृष्ठफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर भरतं. भिंती खोलीपेक्षा २० अंशांनी गरम झाल्या असं धरलं, तरी साध्या संवहनाने आणि प्रारणाने मिळून ५०-६० वॅटच बाहेर जातील. ५०० पैकी ५०-६०! आणि त्यासाठी भिंत हाताला चटका देईल इतकी तापलेली हवी. त्यामुळे ॲल्युमिनियम घ्या ते हलकं आहे, दिसायला सुंदर आहे, यंत्रावर छान कापलं जातं म्हणून. थंडाव्यासाठी त्याचे जास्त पैसे मोजू नका.

या कसोटीवर वरच्या दोन केस पाहिल्या तर मजेशीर निकाल येतो. डॅन ए४ मध्ये मदरबोर्ड एका बाजूला आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या बाजूला, मध्ये एक भिंत, आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. कार्डाचे पंखे थेट बाजूच्या जाळीला लागून, म्हणजे बाहेरची थंड हवा सरळ कार्डाला मिळते. ही कल्पना खरोखर उत्तम आहे. तिचं कौतुक लिटर कमी झाले म्हणून होतं, मी मात्र ते हवेची वाट आखूड झाली म्हणून करीन. याच केसची दुसरी बाजू पाहा: प्रोसेसरच्या कूलरला उंची मिळते फक्त ४८ मिमी, आणि केसचे स्वतःचे मोठे पंखे बसवायला जागाच नाही. २०१६ मध्ये जीटीएक्स १०८० हे १८० वॅटचं कार्ड होतं, तेव्हा हे चालून गेलं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आलं, ३२० वॅटचं. एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल २८५ मिमी लांब, म्हणजे मापाने बसतं. पण त्या कार्डाचा एक पंखा हवा आरपार पाठीकडे फेकतो, आणि इथे पाठीला तर मधली भिंत. बसलं म्हणजे चाललं असं नाही.

एनकेस एम१ मध्ये साडेपाच लिटर जास्त आहेत म्हणून तिला शर्यतीत मागे टाकलं जातं. पण त्या साडेपाच लिटरमध्ये काय आलं बघा: कार्डाच्या खाली १२० मिमीचे दोन पंखे, बाजूच्या ब्रॅकेटवर आणखी दोन किंवा २४० मिमीचा रेडिएटर. तीच केस एकाने हवेवर चालवली, दुसऱ्याने पाण्यावर, तिसऱ्याने आत डिस्क भरून फाइल सर्व्हर केला. ‘हवी तशी बदलता येणारी’ हे शब्द मला तरी या केसला जास्त शोभतात. जागा इतकी काटेकोर मोजली की एकच रचना बसते, तर बदलायला उरतं काय? फक्त रंग.

बनवण्याची बाजूही याच्याशी जोडलेली आहे. भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा: लेझर कटिंग आणि बेंडिंगला डाय लागत नाही, म्हणून पाचशे नग परवडतात, पण प्रत्येक नग महाग पडतो. प्रेसच्या डाय करायच्या तर आधी मोठी रक्कम गुंतवावी लागते, मग हजारो नग स्वस्तात निघतात. हौशी केस २०० डॉलरच्या आसपास का जातात, आणि कूलर मास्टरची स्टीलची एनआर२०० ही २०२० मध्ये १०० डॉलरच्या आत कशी आली, याचं मोठं उत्तर यात आहे. शिवाय प्रत्येक बेंडला थोडा फरक पडतो, वर पावडर कोटिंगचे ७०-८० मायक्रॉन. चार बेंडचे फरक एकत्र आले की स्क्रूचं भोक सरकतं. मोठ्या केसमध्ये हे खपून जातं, सात लिटरमध्ये कार्ड अडकतं. एनआर२०० सुमारे १८ लिटरची आहे, म्हणून कट्टर मंडळी तिला ‘लहान’ मानायलाच तयार नसतात. पण सामान्य माणसाच्या खिशाला आणि हाताला परवडणारी छोटी केस तीच ठरली.

दाटीवाटीची किंमत नेहमी आवाज आणि तापमान एवढ्यावर थांबत नाही. एनझेडएक्सटीच्या एच१ या केसमध्ये रायझरचा सर्किट बोर्ड धातूच्या सांगाड्याला स्क्रूने जोडला होता. तो स्क्रू बोर्डाच्या आतल्या १२ व्होल्टच्या थराला टेकून शॉर्ट होऊ शकत होता, आणि आग लागण्याच्या घटना घडल्या. कंपनीने आधी नायलॉनचे स्क्रू पाठवले. पण पुढे कुणी घरातला साधा स्क्रू लावला तर? ही टीका रास्त होती. २०२१ मध्ये अमेरिकेत अधिकृत रिकॉल झाला आणि रायझरच बदलावा लागला. दोष लहान आकाराचा नव्हता, बोर्डाच्या आखणीचा होता हे मान्य. पण रायझर हा भाग मुळात आला तो जागा वाचवण्यासाठी. वाचवलेल्या प्रत्येक लिटरमागे असा एखादा जास्तीचा जोड असतो, आणि त्याची तपासणी आपण लिटरइतक्या उत्साहाने करत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. वरचे १० अंश खोलीच्या तापमानात मिळवायचे असतात. २२ अंशांच्या खोलीत ते ३२ होतात. नागपूरच्या मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ४२ असतील तर ५२. त्यात धूळ. बारीक जाळी महिन्याभरात बुजली की मोकळं क्षेत्रफळ घटलं, आणि पुन्हा तो चौपटीचा हिशोब सुरू. युरोपातल्या खोलीत घेतलेले तापमानाचे आकडे पाहून सात लिटरची केस मागवणाऱ्याने ही बेरीज आधी करावी.

माझी मागणी साधी आहे. केसच्या माहितीत लिटर खुशाल छापा, पण सोबत तीन गोष्टी द्या: जाळीचं एकूण मोकळं क्षेत्रफळ, खोलीपेक्षा किती अंश वाढ होते ते ठरावीक वॅटला, आणि तेव्हाचा आवाज. हे तीन आकडे मोजायला कुठलीही मोठी लॅब लागत नाही. ते मिळेपर्यंत केस निवडताना बाजूच्या पॅनेलचा फोटो समोर घ्या आणि पेन्सिलने हवेची वाट काढून बघा. वाट सापडली नाही, तर लिटर कितीही कमी असोत, ती केस सोडून द्या.