अंदाजे केलेला सिनेमा

काही खर्च असे असतात, की ते कोणत्या खात्यावर टाकावेत हे बी.कॉम. होऊनही कळत नाही. २००७ सालच्या सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी सिनेमाची तीन तिकिटं, सहा समोसे, तीन चहा आणि ओझर ते नाशिक जाण्यायेण्याचं बसभाडं असा जो खर्च मी केला, तो माझ्या मनाच्या खतावणीत अजून 'सस्पेन्स' खात्यावर पडून आहे. असं खातं फार काळ उघडं ठेवू नये, अशी बँकेची शिकवण आहे. म्हणून आज हे लिहायला बसलो.

सिनेमाचं नाव 'राम गोपाल वर्मा की आग'. मी पाहिलेला सर्वांत वाईट सिनेमा. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. त्याखाली सही आणि शिक्का मारायलाही तयार आहे.

आता कुणी म्हणेल, यापेक्षा वाईट सिनेमे तुम्ही पाहिलेच नसतील. तसं नाही. ओझरच्या माणसाला वाईट सिनेमांची चांगली सवय असते. 'जानी दुश्मन' पाहिला आहे, तो २००२ सालचा, ज्यात इच्छाधारी नाग हरतऱ्हेची रूपं घेतो आणि मोठमोठे नट रांगेत उभे राहून एकेक करून मरतात. त्या सिनेमाने आम्हाला जो आनंद दिला, तो पुष्कळ चांगल्या सिनेमांनीही दिलेला नाही. १९९८ चा 'गुंडा' आमच्या बँकेतल्या एका पोराला पाठ आहे. कॅश टॅली होत नसली, की तो त्यातले संवाद म्हणतो आणि सगळ्यांचा शीण जातो. असले सिनेमे म्हणजे यात्रेतला आरसेमहाल. आपण वेडेवाकडे दिसतो, पण पैसे वसूल होतात.

खरा वाईट सिनेमा वेगळा. तो करणारा कसबी असतो, पैसा मुबलक असतो, नट नावाजलेले असतात, आणि तरीही तो तुमच्या घरात शिरून तुमची एखादी आवडती वस्तू फोडून जातो. आमच्या घरातली ती वस्तू म्हणजे 'शोले'.

आमचे तीर्थरूप, म्हणजे नाना, ओझरच्या विमान कारखान्यात होते. कारखान्याचं अधिकृत नाव मोठं आहे, पण आमच्याकडे त्याला 'मिग' म्हणतात. नानांची सगळी उमेद मिगच्या सांगाड्याला रिबिटा मारण्यात गेली. १९७५ साली 'शोले' आला, तेव्हा नाना अविवाहित होते आणि त्यांच्याकडे सायकल होती. या दोन गोष्टींच्या बळावर त्यांनी ओझर ते नाशिक किती फेऱ्या केल्या, याचा हिशेब त्यांनी आईलाही शेवटपर्यंत दिला नाही.

मी 'शोले' पहिल्यांदा पाहिला तो कॉलनीच्या गणपतीत, रस्त्यावर बांधलेल्या पडद्यावर. पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसलो. त्यामुळे अमिताभ डावखुरा आहे हे मला फार उशिरा समजलं. मागच्या बाजूने तो चांगला उजव्या हाताने गोळ्या मारत होता. ठाकूरच्या बाबतीत मात्र कुठूनही पाहिलं तरी फरक पडत नव्हता.

तर २००७ सालची गोष्ट. माझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून नानांनी थिएटरची पायरी चढलेली नव्हती. घरात आता सून आली होती, पण सासऱ्या-सुनेत सहा महिन्यांत झालेला एकूण संवाद असा :

"चहा ठेवू का?"

"ठेव."

यापलीकडे गाडी जात नव्हती. नाना वाईट नव्हते आणि हीही अबोल नव्हती. पण नानांना बायकामाणसांशी काय बोलावं हे आईखेरीज कुणी शिकवलं नव्हतं, आणि ही सिन्नरकडच्या एका कडक मास्तरांची मुलगी. लग्नाआधी हिने एकूण चार सिनेमे पाहिले होते आणि त्यांत 'श्यामची आई' दोनदा धरला होता. 'शोले' हिने पाहिलेला नाही, हे लग्नानंतर आठव्या दिवशी उघडकीस आलं. नाना तेव्हा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. काही बोलले नाहीत, पण मुलगी पाहायला गेलो तेव्हा हा मुद्दा राहून गेला, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

अशात ३१ ऑगस्टला 'आग' लागला. मी म्हटलं, ही संधी आहे. सुनेला कथा कळेल, नानांना जुना आनंद मिळेल आणि घरात दोन शब्द बोलले जातील. माझी कल्पना अगदीच चुकली असं म्हणता येणार नाही. ज्या मार्गाने ती खरी ठरली, तो मात्र माझ्या हिशेबात नव्हता.

दहाव्या मैलावरून बसने नाशिकला गेलो. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. थिएटरात ते मध्ये, मी एका बाजूला आणि ही दुसऱ्या बाजूला. सिनेमा सुरू झाला आणि दहाच मिनिटांत हिने वाकून विचारलं, "नाना, हा कोण?"

नाना म्हणाले, "हा धर्मेंद्र असायचा."

पडद्यावर अजय देवगण होता. थोड्या वेळाने आणखी एक तरुण आला. "हा?"

"हा अमिताभ असायचा."

"मग अमिताभ कुठंय?"

"तो आता गब्बर झालाय," नाना म्हणाले, आणि असा उसासा सोडला, की पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून पाहिलं.

इथे थोडं समीक्षकासारखं बोलतो. पुन्हा सिनेमा काढणं हा काही गुन्हा नाही. 'शोले' तरी कुठे आकाशातून पडला? कुरोसावाचा १९५४ चा 'सेव्हन सामुराय' आणि अमेरिकेतले घोडेस्वारांचे सिनेमे यांचं पुष्कळ कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. पण ते कर्ज त्याने कामधंद्यात लावलं आणि व्याजासकट फेडलं. आणि रामगोपाल वर्मा हा तर 'सत्या' आणि 'कंपनी' करणारा माणूस. २००५ साली त्याने 'गॉडफादर'वरून 'सरकार' केला, तोही अमिताभलाच घेऊन, आणि तो उत्तम होता. म्हणजे पत चांगली, मागचे हप्ते वेळेवर. अशा खातेदाराला कोणताही मॅनेजर डोळे मिटून कर्ज मंजूर करील. आणि बुडतं ते नेमकं असंच कर्ज.

मग बुडलं कशाने? माझ्या मते, गुडविल नावावर चढवून घेता येतं अशी त्याची समजूत झाली. त्याने पात्रं घेतली, प्रसंग घेतले, पण त्यांच्या भोवतालची मोकळी जागा घेतली नाही. 'शोले'त गब्बर पुष्कळ उशिरा येतो. आधी गावकऱ्यांच्या डोळ्यांतली भीती दिसते, मग खडकावर बूट वाजतात आणि मग माणूस दिसतो. 'आग'मधला बब्बन इतका जवळ आणून ठेवला आहे, की भीती वाटण्याऐवजी त्याला थोडं मागे सरकायला सांगावंसं वाटतं. 'शोले'तला कॅमेरा लांब उभा राहून रामगढचा माळ दाखवतो. 'आग'मधला कॅमेरा हरवलेली चप्पल शोधत असल्यासारखा कशाच्याही खालून, मागून आणि आरपार फिरतो. त्यात सगळीकडे अंधार. नानांनी दोनदा चष्मा पुसला. चष्मा स्वच्छ होता.

ठाकूरचे हात गेले होते, इथे इन्स्पेक्टरची बोटं गेली आहेत. मोहनलाल हा फार मोठा नट, पण त्याच्यासाठीसुद्धा ही काटकसर सोसवत नाही. बसंतीचा टांगा गेला आणि घुंगरूची रिक्षा आली. रिक्षा चांगलीच, पण टांग्याला धन्नो असते. घोडी आपल्या अब्रूसाठी पळते, रिक्षा पेट्रोलवर पळते, आणि प्रेक्षकाला हा फरक कळतो. 'शोले'तली राधा संध्याकाळी दिवे मालवते आणि खाली जय माउथऑर्गन वाजवतो, त्या दृश्यासाठी द्वारका दिवेचांनी संधिप्रकाशाची कित्येक दिवस वाट पाहिली होती. 'आग'मध्ये कुणी कशाची वाट पाहिल्याचं दिसत नाही. वाट पाहण्याचं सगळं काम प्रेक्षकांकडे सोपवलं आहे.

आणि आपल्या लोकांचं काय? 'शोले'त कालिया म्हणजे आपले विजू खोटे, अहमद म्हणजे आपला सचिन. दोघांनाही थोडकीच मिनिटं, पण ती माणसं देशाच्या लक्षात राहिली. 'शोले'ला फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं आणि तेही आपल्या माणसाला, संकलक मा. स. शिंदे यांना. सुमारे तीन लाख फूट फिल्ममधून त्यांनी अठरा-वीस हजार फुटांचा सिनेमा काढला असं सांगतात. शिंद्यांनी काय ठेवलं हे आपण सगळे पाहतो, पण किती टाकलं हे 'आग' पाहिल्याशिवाय समजत नाही.

मध्यंतरात मी समोसे आणले. नाना गप्प. मला वाटलं, झालं, आता आणखी सहा महिने 'चहा ठेवू का'. उत्तरार्धात पुढच्या रांगेतले गृहस्थ निघून गेले. मी म्हटलं, "नाना, जायचं का?" नाना म्हणाले, "थांब. गब्बरचं काय करतात बघू." अशी ती निष्ठा. पण शेवटी गब्बरचं जे काय केलं ते केलं, त्यापेक्षा जास्त आमचंच केलं.

बाहेर पाऊस होता. निमाणीच्या स्टँडवर आलो, तर बस यायला अवकाश होता. हिने भीतभीत विचारलं, "नाना, 'शोले' असाच आहे का हो?"

मला वाटलं, आता सूनबाई माहेरी जाणार.

नानांनी छत्री मिटली, बाकड्यावर बसले आणि म्हणाले, "असा नाही. बस इथं, सांगतो." आणि त्यांनी सुरुवात केली. आगगाडी आली, जेलर आला, सुरमा भोपाली आला. पिंपळगावची एक बस आली आणि गेली, आम्ही चढलो नाही, कारण तेव्हा इमामसाहेबांच्या पोराचं प्रेत घोड्यावरून गावात येत होतं आणि हिच्या डोळ्यांत पाणी होतं. शेजारी एक भाजीवाल्या मावशी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांनीही आपली बस सोडली. नाना धर्मेंद्र होऊन टाकीवर चढले, हेमामालिनी होऊन अखंड बडबडले. ज्या माणसाने सहा महिन्यांत दोन शब्द खर्च केले नव्हते, त्याने एका बाकड्यावर सबंध सिनेमा उलगडला. शेवटच्या बसमध्ये जय मेला तेव्हा आडगाव मागे पडलं होतं.

घरी पोचल्यावर हिने विचारलं, "मग यांनी तो असा का केला?"

नानांनी चप्पल काढता काढता निकाल दिला. म्हणाले, "पोरी, आमच्याकडे मिग झालं ते रशियाचं. पण लायसन घेऊन. ड्रॉइंग त्यांचं, इंजिन कोरापूटचं, इलेक्ट्रॉनिकचं सामान हैदराबादचं, सांगाडा आमचा. एक रिबीट इकडची तिकडं झाली तर अख्खा भाग परत यायचा. म्हणून ते उडलं. यांनी लायसन घेतलं नाही, ड्रॉइंग घेतलं नाही. लांबून बघून अंदाजे केलंय."

'सूनबाई'ची 'पोरी' त्या रात्री झाली. ती आजतागायत आहे.

सिनेमाचं मूळ नाव 'राम गोपाल वर्मा के शोले' ठेवायचं होतं आणि कोर्टकचेरीपायी ते बदलावं लागलं, हे पुढे वाचनात आलं. सप्टेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मूळ सिनेमाच्या हक्कांचा भंग झाल्याचा निकाल दिला आणि १० लाख रुपये भरायला लावले. दिग्दर्शकानेही आपली चूक जाहीरपणे मान्य केली. नानांना पेपर दाखवला, तर म्हणाले, "आठ वर्षं लागली त्यांना?"

आमच्या घरात 'आग' हे एक मापच झालं आहे. खिचडी बिघडली, की ही स्वतःच म्हणते, "आज जरा आग झालीय." चिरंजीवांचा गणिताचा पेपर आग. माझं हे लिखाण वाचून काय म्हणणार, तेही मला ठाऊक आहे.

२०२५ च्या १५ ऑगस्टला 'शोले'ला पन्नास वर्षं झाली. त्याच सप्टेंबरात हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला. टीव्हीवर ती विमानं पाहताना नाना नुसते पंखांकडे पाहत होते. हल्ली त्यांना नावं आठवत नाहीत. माणसांची, औषधांची, कधीकधी माझंही. परवा आम्ही घरी 'शोले' लावला. मोटारसायकल आली आणि नानांनी हळूच हिला विचारलं, "हा कोण गं?"

ही म्हणाली, "हा धर्मेंद्र, नाना."

"आणि हा?"

"हा अमिताभ. तो माउथऑर्गन वाजवणारा."

शेवटपर्यंत ही त्यांना सांगत होती. सगळं तिला पाठ होतं आणि ते सगळं त्या निमाणीच्या बाकड्यावरचं होतं. सिनेमा संपल्यावर मी मुद्दाम विचारलं, "नाना, तो 'आग' आठवतो का?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "अंदाजे केलेला."

तर ते तीन तिकिटांचं सस्पेन्स खातं आज मोकळं करतो. रक्कम बुडीत धरणार नाही, गुंतवणुकीत दाखवणार आहे. ऑडिटरने हरकत घेतली, तर त्याला 'आग' दाखवीन.